पुनर्मीलनाचा सण आणि रिकामी जागा : चिनी मध्य-शरद चांद्रोत्सवाच्या परंपरेची एक चिकित्सा

प्रस्तावना

चिनी पंचांगातील आठव्या महिन्याच्या पौर्णिमेस साजरा होणारा 'झोंगछ्यू' म्हणजेच मध्य-शरद उत्सव हा चिनी समाजात वसंतोत्सवाच्या खालोखाल महत्त्वाचा सण मानला जातो. सातवा, आठवा आणि नववा हे तीन महिने तेथे शरद ऋतूचे होत. त्यांतील मधल्या महिन्याचा मधला दिवस तो मध्य-शरद. हा दिवस सामान्यतः आपल्या भाद्रपद पौर्णिमेस येतो. तथापि, चिनी आणि भारतीय पंचांगांत अधिक महिना घालण्याचे स्थान नेहमी एकच नसते. त्यामुळे काही वर्षी तो आश्विन पौर्णिमेशीही जुळतो. २०२५ साली चिनी पंचांगात सहावा महिना अधिक आला आणि ६ ऑक्टोबरच्या रात्री महाराष्ट्रात कोजागरीचे दूध आटत असताना चीनमध्ये चंद्रासमोर गोल पोळ्या मांडल्या जात होत्या.

अशा योगायोगामुळे 'ही चिनी लोकांची कोजागरी' असे सोपे समीकरण मांडण्याचा मोह होतो. प्रस्तुत लेखिकेने तौलनिक साहित्याच्या तासाला हे समीकरण मांडले होते आणि 'हा कुटुंबाच्या पुनर्मीलनाचा सण होय' असे वाक्यही फळ्यावर लिहिले होते. त्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, 'मॅडम, कोणाच्या कुटुंबाच्या?' त्या वेळी दिलेले उत्तर समाधानकारक नव्हते. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाचा अधिक गांभीर्याने विचार करण्याचा प्रयत्न आहे.

या सणास चिनी भाषेत 'तुआन्युआन-ज्ये' असेही म्हणतात. 'तुआन्युआन' या शब्दात गोलाकार आणि पुन्हा एकत्र येणे हे दोन्ही अर्थ सामावले आहेत. पूर्ण चंद्र, गोल पोळी आणि घरातील माणसांचे पूर्ण वर्तुळ अशी ही प्रतिमासाखळी आहे. प्रचलित परिचयपर लेखन बहुधा येथेच थांबते. परंतु या सणाचे विधी, त्याच्याशी निगडित कथा आणि त्यावर लिहिले गेलेले श्रेष्ठ साहित्य यांचा एकत्रित विचार केला असता या वर्तुळात कोठेतरी जागा रिकामी राहिलेली दिसते. ती रिकामी जागा कोणाची आहे, हा या लेखाचा मध्यवर्ती प्रश्न होय. विवेचन इंग्रजी अनुवाद व भाष्ये यांच्या आधारे केले असून चिनी नावांचे लिप्यंतर शक्य तेवढे उच्चारानुसारी ठेवले आहे.

उत्सवाची जडणघडण

चंद्रपूजा आणि मध्य-शरद उत्सव या दोन गोष्टी मुळात एक नव्हेत. 'झौ ली' या प्राचीन ग्रंथात मध्य-शरदाच्या रात्री थंडीचे स्वागत करण्याच्या विधीचा उल्लेख आहे, तर शरद संपाताच्या संध्याकाळी चंद्रास बळी अर्पण करणे हे राजाचे कर्तव्य मानले जाई. बीजिंगमधील 'युएतान' हे चंद्रपूजेचे स्थान मिंग काळात १५३० साली याच राजविधीसाठी उभारण्यात आले. तांग काळात, म्हणजे सातव्या ते दहाव्या शतकांत, या पौर्णिमेस चंद्रदर्शन करून काव्यरचना करण्याची प्रथा सुशिक्षित वर्गात रूढ झाली. सोंग काळात ती नगरवासीयांचा सण झाली.

या नागर उत्सवाचे विख्यात वर्णन मंग युआनलाओ याच्या 'दोंगजिंग मंग हुआ लू' या ग्रंथात आढळते. सणापूर्वी मद्यालये आपली प्रवेशद्वारे नव्याने सजवीत, नवे मद्य विक्रीस काढीत आणि दुपारपर्यंत ते संपून जाई. खेकडे नुकतेच बाजारात आलेले असत. डाळिंबे, नासपती, बोरे, द्राक्षे यांची रेलचेल असे. श्रीमंत आपल्या घरच्या मनोऱ्यांवर चढून चंद्र पाहत, तर सामान्य माणसे मद्यालयात जागा मिळविण्यासाठी धडपडत. हे वर्णन इतके प्रसन्न आहे की ते केव्हा लिहिले गेले याकडे वाचकाचे दुर्लक्ष होते. सोंगांची राजधानी काइफंग ११२७ साली उत्तरेकडील जुर्चेनांच्या हाती पडली. ग्रंथकर्ता दक्षिणेत निर्वासित झाला आणि ग्रंथाची प्रस्तावना त्याने ११४७ साली लिहिली. म्हणजे या सणाचे हे प्रसिद्ध शब्दचित्र ज्याने रेखाटले, तो तो सण हरवलेला माणूस होता. ज्या मद्यालयांची तो आठवण काढतो, तेथे त्याला पुन्हा कधीच जाता येणार नव्हते.

ही बाब केवळ चरित्रात्मक तपशील म्हणून बाजूला ठेवता येणार नाही. उत्सवाची नोंद आणि उत्सवाचा वियोग यांचे नाते पुढील सर्व विवेचनात पुन्हापुन्हा प्रत्ययास येणार आहे.

वाटा प्रत्येकास, परतणे सासरी

मिंग काळातील बीजिंगच्या लोकाचाराचे बारकाईने वर्णन करणारा 'दीजिंग जिंगवू ल्युए' हा ग्रंथ लिऊ तोंग व यू यीझंग यांनी १६३५ च्या सुमारास सिद्ध केला. त्यातील मध्य-शरदाचा परिच्छेद लहान आहे, परंतु या सणाच्या अभ्यासासाठी त्याचे मोल मोठे आहे. त्यातील तपशील असे: चंद्रास वाहिलेली फळे व पोळ्या गोलच असाव्या लागत. कलिंगड कमळाच्या पाकळ्यांप्रमाणे दातेरी कापले जाई. कागदाच्या दुकानांत 'चंद्रप्रकाशाचे कागद' विकत मिळत. तीन इंचांएवढ्या लहान कागदापासून दहा फुटांएवढ्या मोठ्या कागदापर्यंत ते असत. त्यांवर कमळावर पद्मासनात बसलेला चंद्रप्रभ बोधिसत्त्व आणि त्याखाली चंद्रमंडल, दालचिनीच्या जातीच्या सुगंधी वृक्षाचा प्रासाद व माणसासारखा उभा राहून उखळात औषध कुटणारा ससा चितारलेला असे. ज्या दिशेस चंद्र उगवेल त्या दिशेस हा कागद मांडून पूजा होई आणि नंतर तो जाळला जाई. नैवेद्य घरातील प्रत्येक माणसापर्यंत पोहोचलाच पाहिजे असा दंडक होता. नातलग एकमेकांकडे पोळ्या पाठवीत आणि काही पोळ्यांचा व्यास दोन फूटही असे.

परिच्छेदाच्या अखेरीस ग्रंथकार नोंदवितात की माहेरी गेलेल्या विवाहितेने या दिवशी पतीच्या घरी परतलेच पाहिजे, आणि यामुळेच या दिवसास पुनर्मीलनाचा सण म्हणतात.

ही नोंद नीट वाचली म्हणजे विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर मिळते. नैवेद्याचा वाटा प्रत्येकास मिळतो हे खरे, परंतु 'प्रत्येक' म्हणजे कोण हे आधी ठरलेले आहे. ज्या घरी ती जन्मली त्या घरच्या वर्तुळात तिची गणना नाही. तिच्या परतण्याने सासरचे वर्तुळ पूर्ण होते आणि त्याच क्षणी माहेरचे अपूर्ण राहते. सणाच्या नावातील पूर्णता ही एका घराने दुसऱ्या घराकडून घेतलेली पूर्णता आहे. मराठी वाचकास येथे भाद्रपदातीलच गौरींची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. आपल्याकडे त्या दिवसांत माहेरवाशिणीचे येणे साजरे होते, तर मिंगकालीन बीजिंगमध्ये त्याच सुमारास तिचे जाणे. अर्थात यावरून आपली परंपरा अधिक उदार ठरत नाही. माहेरवाशीण ही पाहुणी असते आणि तीन दिवसांनी गौरींचेही विसर्जन होते. दोन्ही समाजांत स्त्रीचे कायमचे घर कोणते, याबाबत फारसा मतभेद नव्हता.

यावर एक रास्त आक्षेप घेता येईल. घरगुती चंद्रपूजा ही स्त्रियांच्याच हाती होती, मग हा सण स्त्रीला वगळतो असे कसे म्हणावे? फूछा दुनचोंग या मांचू ग्रंथकाराने 'यानजिंग सुइशिजी' (प्रस्तावना १९००, प्रकाशन १९०६) या बीजिंगच्या वार्षिक सणांवरील पुस्तकात राजधानीतील एक म्हण दिली आहे. पुरुषांनी चंद्रास नमस्कार करू नये आणि स्त्रियांनी चुलीच्या देवाची पूजा करू नये, असा तिचा आशय आहे. चंद्र हा 'यिन' तत्त्वाचा, म्हणून स्त्रियांचा, असे तिचे स्पष्टीकरण दिले जाते. परंतु हे स्पष्टीकरण पुरेसे वाटत नाही. युएतान येथे चंद्रास बळी अर्पण करणारे सम्राट किंवा त्याने नेमलेले अधिकारी हे पुरुषच होते. तेव्हा यिन-यांगची तात्त्विक भूमिका राजविधीत आड येत नव्हती, ती घराच्या अंगणातच आड येत होती. उलट चूल आयुष्यभर जिच्या हाती, तिला चुलीच्या देवासमोर उभे राहण्याचा अधिकार नव्हता. म्हणजे ही म्हण विश्वरचनेपेक्षा घरातील अधिकारांच्या वाटणीविषयी अधिक बोलते. चंद्रापुढील पूजेचे नेतृत्व स्त्रीला मिळाले ही गोष्ट क्षुल्लक नाही. वर्षातील एका रात्री अंगण तिचे असे. मात्र पूजेचा अधिकार आणि कोठे राहावे हे ठरविण्याचा अधिकार यांत अंतर आहे, आणि पहिला मिळाल्याने दुसरा मिळत नाही.

छांग-अ : घर सोडून गेलेली स्त्री

या सणाची सर्वांत लोकप्रिय कथा छांग-अ हिची आहे. वृत्तपत्रांतून 'चांग-ई' अशा रूपात मराठी वाचकास परिचित झालेले नाव ते हेच. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील 'हुआइनानझी' या ग्रंथात कथेचे बीज आहे. धनुर्धर यी याने पश्चिमेच्या राणीमातेकडून अमरत्वाचे औषध मिळविले. ते हंग-अ हिने चोरले आणि ती चंद्राकडे पळाली. हान सम्राट वन याच्या नावातील 'हंग' हे अक्षर निषिद्ध ठरल्यामुळे पुढे तिचे नाव छांग-अ झाले. दुसऱ्या शतकातील खगोलज्ञ झांग हंग याच्या लेखनात चंद्रावर पोहोचल्यावर तिचा भेक झाल्याचे सांगितले आहे. प्राचीन कथेत ती अशी चोर आहे आणि तिला शिक्षाही मिळते.

आज बालवाङ्मयात व सणाच्या भेटपत्रांवर आढळणारी कथा निराळी आहे. तीत पती दूर गेला असता त्याचा दुष्ट शिष्य फंगमंग घरात शिरतो. औषध त्याच्या हाती पडू नये म्हणून छांग-अ ते स्वतः पिते आणि पतीपासून फार दूर जाऊ नये म्हणून जवळच्या चंद्रावर थांबते. शोकाकुल पती अंगणात तिच्या आवडीची फळे मांडतो, आणि तीच चंद्रपूजेची सुरुवात. चोर येथे पतिव्रता झाली.

हे रूपांतर सणाच्या गरजेतून घडले असावे, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते. पुनर्मीलनाच्या सणाच्या केंद्रस्थानी स्वेच्छेने घर सोडून गेलेली स्त्री असणे हे अवघड आहे. ज्या दिवशी विवाहितेने परतलेच पाहिजे, त्या दिवशी आकाशात न परतलेली विवाहिता दिसते. मिंगकालीन कागदावर छांग-अ नसून बोधिसत्त्व होता, हे येथे नमूद करणे अगत्याचे आहे. पूजेची देवता आणि कथेची नायिका यांच्यात परंपरेने अंतर ठेवले होते. जसजसे ते अंतर लोकप्रिय कथनात बुजत गेले, तसतसे नायिकेला निर्दोष ठरविणे भाग पडले. तथापि, दोन्ही रूपांत तिच्या कृतीचा हेतू पतीच्या संदर्भातच मोजला जातो. तिला अमरत्व स्वतःसाठी हवे असणे ही शक्यता एका कथेत पाप आहे आणि दुसऱ्या कथेत अस्तित्वातच नाही.

या कोंडीकडे आधुनिक दृष्टीने पाहणारा लेखक म्हणजे लू शुन. १९२६ साली लिहिलेल्या 'बन युए' (चंद्राकडे पलायन) या कथेत त्याने या मिथकास दैनंदिन संसाराच्या पातळीवर आणले. यीने सारे मोठे प्राणी मारून संपविले आहेत, आता शिकारीत कावळेच मिळतात आणि छांग-अला रोज कावळ्याच्या मांसाचा रस्सा घातलेल्या शेवया खाव्या लागतात. ती कंटाळते आणि औषध पिऊन निघून जाते. संतापलेला यी चंद्रावर बाण सोडतो, पण चंद्र ढळत नाही. लू शुनची सहानुभूती प्रामुख्याने थकलेल्या वीराकडे झुकते हे खरे आहे, आणि ही त्या कथेची मर्यादाही आहे. छांग-अ तेथे कुरकुरणारी पत्नी म्हणूनच उरते. तरीही तिच्या जाण्याला कंटाळा हे मानवी कारण देऊन त्याने चोर आणि पतिव्रता या दोन्ही साच्यांतून तिला बाहेर काढले.

ससा आणि उगमाचा प्रश्न

भारतीय अभ्यासकास या सणातील सशाचे विशेष आकर्षण वाटते. शशी, शशांक, शशधर हे शब्द आपल्या ओठांवर असतात. शशजातकात स्वतःचे शरीर अतिथीस अर्पण करणाऱ्या सशाची आकृती शक्र चंद्रावर रेखाटतो. सातव्या शतकात भारतात आलेला ह्युएनत्संग वाराणसी परिसरातील एका स्तूपाच्या संदर्भात हीच कथा नोंदवितो. यावरून चिनी ससा भारतातून गेला, असे विधान आपल्याकडे सहजपणे केले जाते.

हे विधान तपासून घ्यावयास हवे. छांगशाजवळील मावांगदुई येथे १९७२ साली उत्खनित झालेल्या थडग्यातील रेशमी पताकेवर चंद्रकोरीसह भेक व ससा दोन्ही रंगविलेले आहेत. ही पताका इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील, म्हणजे चीनमध्ये बौद्ध धर्माचा प्रसार होण्यापूर्वीची आहे. शिवाय दोन सशांचे कार्य भिन्न आहे. जातकातील ससा देहदान करतो, तर चिनी ससा अमरत्वाचे औषध कुटतो. चंद्रावरील डागांत दोन समाजांना स्वतंत्रपणे एकच आकृती दिसणे अशक्य नाही. भारतीय प्रभावाचा निःसंदिग्ध पुरावा हवाच असेल तर तो सशात न शोधता त्याच कागदावर वरच्या भागात बसलेल्या चंद्रप्रभ बोधिसत्त्वात शोधावा. आपल्या सांस्कृतिक अभिमानास सोयीचा पुरावा आणि खरा पुरावा एकाच कागदावर शेजारी शेजारी असूनही आपले लक्ष पहिल्याकडेच जाते, ही आत्मपरीक्षणास योग्य गोष्ट आहे.

अशीच सावधगिरी चिनी परंपरेतील एका लोकप्रिय आख्यायिकेबाबत बाळगावी लागते. मंगोलांच्या युआन राजवटीविरुद्ध उठावाचा संदेश चंद्रपोळ्यांत दडवून पाठविला गेला, अशी ती आख्यायिका आहे. समकालीन ऐतिहासिक साधनांत तिला आधार नाही. ती पुढील काळाने आपल्या सणास बहाल केलेली राष्ट्रीय स्मृती होय.

साहित्यातील रिकामी जागा

आता ज्या साहित्यकृतींनी हा सण चिनी वाचकाच्या मनात कोरला, त्यांच्याकडे वळू. सू शी याची 'शुइ दियाओ गो तोउ' या चालीवरील रचना १०७६ सालच्या मध्य-शरदाची आहे. राजधानीतील नव्या धोरणांशी मतभेद झाल्याने प्रांतोप्रांती नेमणुका घेत तो तेव्हा मीझौ येथे प्रशासक होता. धाकटा भाऊ सू झ याची कित्येक वर्षांत भेट नव्हती. पहाटेपर्यंत आनंदाने मद्यपान केल्याचे आणि भावाची आठवण येत असल्याचे कवी रचनेच्या छोट्या प्रास्ताविकातच सांगतो. या सणावरील चिनी भाषेतील सर्वाधिक गायली जाणारी कविता ही अशी न झालेल्या भेटीची कविता आहे. पुढच्याच वर्षी, १०७७ साली, दोघा भावांनी शूझौ येथे हा सण एकत्र साजरा केला. त्या प्रसंगीही सू शीने रचना केली, परंतु तीत भेटीच्या आनंदामागोमाग पुढील वर्षाच्या अनिश्चिततेची छाया येते. लोकमानसाने विरहाच्या कवितेस जी मान्यता दिली ती भेटीच्या कवितेस दिली नाही, हे सूचक आहे.

छाओ श्वेछिन याच्या 'होंग लोउ मंग' (लाल महालाचे स्वप्न) या अठराव्या शतकातील महाकादंबरीची ७५ व ७६ ही प्रकरणे या दृष्टीने मूलगामी आहेत. ज्या घराण्याच्या ऱ्हासाची चाहूल लागली असतानाचा हा मध्य-शरद आहे. उद्यानातील टेकडीवर वृद्ध आजी सर्वांना गोल मेजाभोवती बसविते. मेज, खुर्च्या सारे गोल, पुनर्मीलनाच्या अर्थास साजेसे. पण सारे पुरुष बसल्यावर मेजाचा अर्धाच भाग भरतो. आज माणसे फार थोडी वाटतात असे आजी बोलून दाखविते आणि पडद्यामागे बसलेल्या नातींना बोलावून ती जागा भरावयास लावते.

हे दृश्य या सणावरील मोठे भाष्य आहे आणि लेखकाने ते कोणतीही टिप्पणी न करता केले आहे. वर्तुळ अपुरे पडले तेव्हाच मुलींना त्यात बोलावणे आले. पुढील प्रकरणात बासरीचे सूर करुण होत जातात, आजीच्या डोळ्यांत पाणी येते आणि उत्तररात्री तिच्यासोबत एकच नात उरते. तेथून दूर, तळ्याकाठच्या मंडपात लिन दाइयू आणि शी श्यांगयुन या दोन पोरक्या मुली एकमेकींच्या ओळीस ओळ जोडीत कविता रचतात. सर्वांनी एकत्र चंद्र पाहण्याचे ठरले असता जिवलग मैत्रिणी आपापल्या घरच्या मेळ्यात गेल्या, ही श्यांगयुनची तक्रार आहे. ज्यांना स्वतःचे घर नाही अशा दोघींनी त्या रात्री एक निराळे वर्तुळ केले. त्यांची कविता अतिशय विषण्ण होत चालली तेव्हा म्याओयू ही संन्यासिनी त्यांना थांबविते आणि ती स्वतः पूर्ण करते. संन्यासिनी ही तर घरसंसाराच्या वर्तुळाबाहेरचीच. कादंबरीतील त्या रात्रीचे अस्सल पुनर्मीलन या तिघींचे आहे आणि ते रक्ताच्या नात्यावर उभे नाही.

लाओ श याच्या 'सी शी तोंग थांग' (चार पिढ्या एका छपराखाली) या कादंबरीत हीच रिकामी जागा इतिहासाने निर्माण केलेली आहे. १९३७ साली जपानी सैन्याने व्यापलेल्या बीपिंगमध्ये ची घराण्यातील वृद्ध पणजोबा सणाच्या तयारीसाठी बाहेर पडतात. त्यांचा स्वतःचा वाढदिवस आठव्या महिन्याच्या १३ तारखेस, सणाच्या दोन दिवस आधी येतो. 'थूअर-ये' म्हणजे चिलखत घातलेला, वाघावर बसलेला मातीचा ससोबा. बीजिंगच्या मुलांचे हे लाडके दैवत. त्याची दुकाने मांडलेली आहेत, पण भोवती गिऱ्हाईक नाही. वृद्ध गृहस्थ पणतवंडांसाठी मूर्ती घेतात. घरातला धाकटा नातू प्रतिकारासाठी शहर सोडून गेलेला आहे. लाओ शच्या लेखनात काही ठिकाणी भावविवशता जाणवते, परंतु येथे त्याने मोठ्या संयमाने एका मातीच्या खेळण्यातून शहराचे दुःख व्यक्त केले आहे. सण बंद पडला नाही, पण तो घेणारे हात उरले नाहीत.

या तीनही कृतींचा काळ, वर्ग आणि प्रकार वेगळा आहे. तरीही तिन्ही लेखकांनी पूर्ण चंद्राखाली अपूर्ण घर उभे केले. यास निव्वळ काव्यसंकेत म्हणावे काय? तसे वाटत नाही. फूछा दुनचोंगच्या पुस्तकातच एक प्रथा नोंदविली आहे. चंद्रास वाहिलेली पोळी काही जण पूजेनंतर लगेच खात, तर काही जण ती वर्षअखेरच्या रात्रीपर्यंत जपून ठेवीत, आणि तिलाच पुनर्मीलनाची पोळी म्हणत. नाव पुनर्मीलनाचे, पण खाणे चार-साडेचार महिन्यांनी. अनुपस्थितीची जाणीव विधीच्या पोटातच होती आणि साहित्याने ती उघड केली, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

आजचा उत्सव

२००६ साली हा सण चीनच्या राष्ट्रीय अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या पहिल्या यादीत समाविष्ट झाला आणि २००८ पासून त्यास सार्वजनिक सुट्टी मिळाली. दरम्यान चंद्रपोळी ही भेट देण्याची, किंबहुना मर्जी संपादण्याची वस्तू झाली होती. २०१३ साली सार्वजनिक निधीतून चंद्रपोळ्या भेट देण्यास मनाई करण्यात आली, तर २०२२ मध्ये अवाजवी वेष्टनावर निर्बंध आले व ५०० युआनांहून महाग पेट्यांवर देखरेख सुरू झाली. नातलगांनी एकमेकांकडे पाठवावयाच्या पोळीचा हा प्रवास कोणत्याही सणाच्या बाजारीकरणासारखाच आहे.

अधिक विचारप्रवृत्त करणारी गोष्ट म्हणजे चीनच्या चांद्रमोहिमांची नावे. २००७ पासूनची याने छांग-अच्या नावाची आहेत. २०१३ मध्ये चंद्रावर उतरलेली गाडी 'यूथू' म्हणजे जेडचा ससा. २०१८ साली सोडलेला संदेशवाहक उपग्रह 'छ्युएछ्याओ' हा वर्षातून एकदाच भेटणाऱ्या गुराखी-विणकरणीच्या कथेतील पक्ष्यांचा पूल. २०२४ च्या जूनमध्ये छांग-अ ६ हे यान चंद्राच्या पलीकडील बाजूची माती घेऊन पृथ्वीवर परतले. कथेतील छांग-अ परत येत नाही. यंत्ररूपातील छांग-अकडून परतण्याचीच अपेक्षा असते. घर सोडून गेलेल्या स्त्रीला परत आणण्याचा हा आणखी एक, सर्वांत आधुनिक प्रकार म्हणावा लागेल.

आणि विवाहितेने सासरीच परतावे या जुन्या नियमाचे काय? सुमारे १९८० ते २०१५ या काळात एक-अपत्य धोरणाखाली वाढलेल्या पिढीत अनेक घरी मुलगी हेच एकमेव अपत्य आहे. अशा घरात १६३५ चा नियम पाळावयाचा म्हटले, तर माहेरचे मेज अर्धे नव्हे, पूर्णच रिकामे राहील. त्या मेजावर कोण बसणार, हा प्रश्न आता लोकसंस्कृतीच्या अभ्यासापुरता मर्यादित राहिलेला नाही.

समारोप

वरील विवेचनातून काही निष्कर्ष काढता येतात. एक, मध्य-शरद उत्सवातील पुनर्मीलनाची संकल्पना पितृसत्ताक घराच्या चौकटीत घडली आणि तिची किंमत माहेरच्या घराने मोजली. दोन, छांग-अच्या कथेतील बदल हे या चौकटीशी कथेला जुळवून घेण्याचे प्रयत्न होते. तीन, चिनी साहित्याने सणाचा गौरव करीत असतानाच त्यातील रिकामी जागा झाकली नाही. सू शी, छाओ श्वेछिन आणि लाओ श यांचे श्रेष्ठत्व या प्रामाणिकपणातही आहे. चार, परक्या सणास आपल्या सणाचा प्रतिशब्द देऊन मोकळे होणे हा तौलनिक अभ्यास नव्हे. साम्य सापडले की तेथून अभ्यासास आरंभ व्हावयास हवा.

परंपरांचा अभ्यास वर्गात शिकविताना आपण बहुधा त्यांचे वर्णन करतो आणि त्यांतील पूर्णतेचा दावा जसाच्या तसा स्वीकारतो. तो दावा कोणाच्या वतीने केला आहे, हे विचारणे म्हणजे परंपरेचा अनादर नव्हे. छाओ श्वेछिनने मेजाचा रिकामा अर्धा भाग दाखविला म्हणून चिनी वाचकाने हा सण टाकून दिला नाही. फळ्यावरील ते वाक्य प्रस्तुत लेखिका यापुढेही लिहील. मात्र त्यापुढे त्या विद्यार्थिनीचा प्रश्नही लिहील आणि उत्तर शोधण्याचे काम वर्गाकडे सोपवील.